वायव्येचा खांब

११ जून
ही वही भूगर्भवाल्यांच्या टोळीतून आणलेली. डाव्या पानांवर दगडांच्या नमुन्यांचे आकडे आहेत, म्हणून मी उजव्या पानांवर लिहितो. टोळीतून मी का निघालो ते पुन्हा कधीतरी. भांडण झालं नाही, एवढं खरं.

ओसा नदीकाठच्या या गावात मी एका दिवसासाठी उतरलो होतो. गाव बहुतेक उठलेलं. खाली धरण झालंय, पाणी इथपर्यंत येणार, म्हणून सगळ्यांना टेकडीवर नवी फळ्यांची घरं दिलीत. वीस जुलैला जाळणारी टोळी येणार. त्या दिवशी खाली जे उभं असेल ते पेटवायचं, म्हणजे पुढे पाण्यावर तरंगत बसणार नाही.

खाली अजून एकच घर राहतं आहे. आठ भिंतींचं, आपल्या बुर्यात लोकांचं जुनं लाकडी घर. मालक बाग्लाय आजोबा. फळ्यांच्या घराची किल्ली त्यांनी कचेरीत परत करून टाकली. म्हणाले, हेच घर उचलून वर नेणार. गावातली तरणी माणसं कारखान्यांत गेली, उरली ती आपापल्या सामानात गुंतलेली. मी विहिरीवर पाणी पीत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुऱ्हाड धरता येते का रे?"
"येते."
"शंभरापर्यंत मोजता येतं?"
"त्याच्याही पुढे येतं."
"पुढचं नको. राहा मग."

१२ जून
आजोबा बहात्तर वर्षांचे. बुलगान आजी त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, पण घरातली मोठी तीच वाटते. तीन मुलगे होते. मात्वे, इन्नोकेन्ती आणि बायर. तिघेही लढाईत गेले, दोन वर्षांत तिघांच्या मरणाचे तीन कागद आले. हे मला ट्रॅक्टरवाल्या तारासने सांगितलं. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. दाराजवळच्या खुंटीवर तीन लगाम आहेत, चामडं तेल लावून मऊ ठेवलेलं. घोडा मात्र एकच आहे, तोही म्हातारा.

आजीने सालामात केलं होतं. आंबट साय पिठात शिजवलेली, वर तुपाचा तवंग. मी तीन वाडगे खाल्ले. तारास म्हणाला, "आजी, याला घर हलवायला ठेवलंय की रिकामं करायला?"

१५ जून
घर सुटं करण्याआधी ओंडक्यांवर आकडे घालायचं काम मी जेवढं सोपं समजलो होतो तेवढं नाही. चौकोनी घरात एका भिंतीचा ओंडका दुसऱ्या भिंतीत ढकलून चालवता येतो. इथे आठ कोपरे. काटकोनापेक्षा पसरट, आणि प्रत्येक कोपऱ्याची खाच तिरकी, हाताने बेतलेली. कोणताही ओंडका दुसऱ्याच्या जागी बसणार नाही. भिंत एक म्हणजे दाराची, दक्षिणेची. तिथून सूर्य फिरतो तसं फिरायचं. ओंडक्याच्या डाव्या टोकाला कुऱ्हाडीने भिंतीच्या खुणा, उजव्या टोकाला थराच्या. प्रत्येक भिंतीत अकरा थर.

आजोबा हे घर बोटांनी वाचतात. जवळचं त्यांना धूसर दिसतं, लांबचं मात्र घारीसारखं. भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "हा मी तासला. हा बापाने. हा पुन्हा मी, इथे माझी कुऱ्हाड घसरली होती."
"तेव्हा तुम्ही केवढे होतात?"
"एकोणीस. लग्न ठरलं होतं. घराशिवाय बायको कुठे ठेवणार?"
चुलीशी बसलेली आजी म्हणाली, "वरात नदीपलीकडे येऊन थांबली होती आणि याच्या छताला अजून झाडाची साल घातलेली नव्हती. मी तिथून बघत होते."
"ती तिथून बघत होती म्हणून तर हात थरथरत होते," आजोबा म्हणाले.
दोघं हसली. त्यांना हसताना मी आजच पाहिलं.

१९ जून
पाचव्या भिंतीत घोळ केला. नदीवर एक तराफा चालला होता, त्यावर आख्खं दुकान, काउंटरसकट, आणि काउंटरमागे बाई बसलेली. मी बघत राहिलो. परत वळलो तर सातवा थर दोनदा मोजला होता. आजोबांनी अंगठ्याने खूण चाचपली आणि चुकीची खूण स्वतः तासून काढली. रागावले नाहीत. "बघत काय होतास?" एवढंच विचारलं. मी तराफ्याचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, बाईच्या डोक्यावर काय होतं तेही विचारलं. मग म्हणाले, "इन्नोकेन्तीला पण असंच व्हायचं."

जेवायला बसलो तेव्हा आजीने माझा वाडगा पश्चिमेच्या बाजूला ठेवला, पुरुषांच्या बाजूला, वरच्या अंगाला. मी म्हटलं, "पाहुणा आहे मी, दाराशी बसतो." ती म्हणाली, "तिथे वारा लागतो."

जूनमध्ये कसला वारा. पण बसलो.

२७ जून
छतावरची माती काढली, सालं काढली, फळ्या काढल्या. मधल्या भोकातून धूर जायचा, ते भोक आता आभाळाएवढं झालं. आत फक्त चार खांब, त्यांच्यावर चार तुळया, खाली चूल. चूल विझवायची नाही. याच चुलीतले निखारे वर न्यायचे, नाहीतर ते घर राहत नाही, नुसती लाकडं राहतात, असं आजोबा म्हणतात. ते आता चुलीजवळून हलत नाहीत. पाऊस आला की वर ताडपत्री धरतात.

३० जून
आज तुळया उतरवल्या आणि खांब खणून काढले. आजोबांची बसायची जागा वायव्येच्या खांबाशी. त्या खांबावर मी आलो तेव्हापासून गोधड्या, मेंढीची कातडी, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पिशव्या असं काहीबाही टांगलेलं असायचं. मला वाटायचं, आजीला टांगायला दुसरी जागा नाही. आजही तिने तो उघडा केलाच नाही. नमद्यात गुंडाळून दोराने बांधला आणि तारासला म्हणाली, हा पहिला वर जाऊ दे.

३ जुलै
टेकडीवर आलो. जागा आखली, आठ कोपऱ्यांवर आठ दगड ठेवले. तारास खालून दुसरी खेप आणायला गेला आणि मला काही काम नव्हतं. काम नसलं की मी झाडाची वर्तुळं मोजतो. जंगल मोजणाऱ्यांबरोबर एक हिवाळा काढला, तेव्हापासूनची सवय. दर वर्षाला एक वर्तुळ, आणि बुंध्याकडे ती नेहमी जास्त असतात, कारण झाड खालून वर वाढतं. शेंड्याला पोहोचेपर्यंत त्याची काही वर्षं गेलेली असतात.

पहिल्या खांबाला खाली एकशे चोवीस, वर एकशे पंधरा. दुसऱ्याला, तिसऱ्याला तसंच काहीतरी. वायव्येच्या खांबाचा नमदा सोडला. जमिनीत पुरलेलं टोक काळं पडलेलं, ते खरवडून मोजलं तर एकशे नऊ. वर तुळईत बसणारं कुसू होतं, त्या टोकाला एकशे वीस.

मी पुन्हा मोजलं. चारही खांब चौकोनी तासलेले, वरून खाली सारखेच जाड, त्यामुळे बघून कळत नाही. पण हा उलटा होता. शेंडा मातीत आणि बुंधा आभाळाकडे, असा त्रेपन्न वर्षं उभा.

आजी चहा घेऊन वर आली. मी हसत हसत सांगितलं. म्हटलं, "आजोबांच्या हाताचा थरथराट बघा, खांब डोक्यावर उभा केलाय."

तिने किटली खाली ठेवली. आधी खाली नदीकडे पाहिलं, आजोबा चुलीशी बसलेले दिसत होते तिकडे. मग म्हणाली, "कोणाकोणाला सांगितलंस?"
"कोणाला नाही."
"सांगू नकोस."

 उलट्या खांबाचं काय म्हणतात ते मलाही माहीत होतं, लहानपणापासून. आपल्याकडे कोणाला माहीत नाही? ज्याने असा खांब उभा केला त्याचा वंश मुळाकडून वाळतो. पण ते असतं म्हातारबोलणं. समोर कोणाच्या घरात तसा खांब असेल, आणि त्या घरातून तीन कागद आलेले असतील, हा विचार माझ्या डोक्यात चहा पिऊन झाल्यावर आला.

४ जुलै
आजीचं म्हणणं असं. बायरचा कागद आला, त्या उन्हाळ्यात ती घरभर कारण शोधत होती. उंबरठा खणून बघितला, चुलीचे दगड उलटून बघितले. तिचा बाप लाकूडतोड्या, तिला गाठी वाचता येतात. फांदी खोडातून वर निघते, आणि या खांबातल्या गाठी खाली निघत होत्या. दुसऱ्या दिवशी तिने त्यावर गोधडी टांगली.

"वीस वर्षं?" मी विचारलं.
"एकवीस होतील. त्यांनी तो खांब स्वतः उभा केलाय, पोरा. त्यांना कळलं तर काय होईल?"
"मग आता?"
"आता तो सरळ उभा कर. एवढ्यासाठी मी हे घर वर आणू दिलं. नाहीतर मला फळ्यांचं घर काय वाईट होतं? त्याला स्वयंपाकाची वेगळी खोली आहे."

मी म्हटलं, सरळ करायचा म्हणजे कुजलेलं काळं टोक वर येणार, ते कापावं लागेल. तिथे नवं कुसू काढावं लागेल. शिवाय जुनं कुसू खाली येणार, तेही उडवायला हवं. खांब हातभर आखूड होईल. बाकीचे तीन जमिनीत पुरलेले आणि हा दगडावर उभा राहील.
"दगड मातीने झाक," ती म्हणाली. "गोधडी मी टांगते."

तारासला सांगावं लागलं, एकट्याने खांब उचलत नाही. तो नेहमीसारखं काहीतरी चावट बोलेल असं वाटलं होतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, "माझ्या बापाच्या घरी मी चारही बघून येतो आज." तो गंमत करत होता की नाही, ते मला कळलं नाही.

८ जुलै
झालं. नवं कुसू चांगलं बसलं, माझ्या हातचं आहे हे सांगूनही कोणाला पटणार नाही. खाली सपाट दगड, वर माती चोपली. फक्त कुसवाजवळ नवं तासलेलं लाकूड पांढरं दिसतं. काजळी आणि तूप चोळलं. ओलं असताना छान मिसळलं, वाळल्यावर पुन्हा उठून दिसायला लागलं.

आजी खाली-वर खेपा घालते, खाली आजोबांना जेवण, वर आम्हाला. पाय सुजलेत तिचे. आज म्हणाली, "हिवाळाभर राहिलास तर एक गाय घेऊ म्हणते. दोघांना कशाला लागते गाय." मी म्हटलं, मला सप्टेंबरात ट्रक धरायचाय, उत्तरेकडे नव्या रस्त्याचं काम निघालंय. ती म्हणाली, "रस्ते काय, निघतच असतात." गाईचं मला नीट कळलं नाही. गुरांचा मला काहीच अनुभव नाही.

१४ जुलै
भिंती उभ्या राहिल्या. अठ्ठ्याऐंशी ओंडके, आणि दाराच्या भिंतीतला एक सोडला तर सगळे आपल्या खाचेत असे बसले की मधे शेवाळ ठासायला सुरी घालावी लागली. मी आत मधोमध उभा राहिलो. आठही कोपरे सारख्याच अंतरावर. चौकोनी खोलीत मला नेहमी दाराकडे बघावंसं वाटतं. इथे तसं होत नाही. हे मी का लिहितोय? छताच्या फळ्या अजून राहिल्यात.

१८ जुलै
आज निखारे आले.

आजोबा मढकं मांडीवर घेऊन तारासच्या मागे बसून आले. दक्षिणेच्या दारातून आत आले, उंबरठ्याला पाय न लावता. चुलीच्या जागेशी वाकले आणि निखारे ठेवण्याआधी त्यांनी वर पाहिलं. धुराचं भोक बघत असतील असं मला वाटलं. मग नजर तुळयांवरून फिरली, सूर्य फिरतो तशी, आणि वायव्येला थांबली. गोधडी खांबाच्या मध्यावर होती. कुसू तिच्या वर, आणि लांबचं त्यांना दिसतं.

"हा कापला का?"
मी म्हटलं, "खालून सडला होता, आजोबा."
"सडला होता तर खालून कापायचा."
"हो."
"मग कुसू नवं कशाला?"

 तारास दारातच थांबला होता, तो बाहेर निघून गेला. आजोबांनी मढकं माझ्या हातात दिलं, खांबापाशी गेले, गोधडी काढून खाली ठेवली. बोटं फिरवत गेले. एका गाठीवर थांबले, मग दुसऱ्या. खाली बसून माती उकरली आणि दगडाला हात लावला. मढकं माझे तळवे भाजत होतं, पण ठेवायचं कुठे ते कोणी सांगत नव्हतं.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. माझ्याशी बोलत नव्हते.
आजी म्हणाली, "हो."
"कधीपासून?"
"बायरचा कागद आला तेव्हापासून."
"आणि मी रोज त्याला पाठ टेकून बसायचो."
"अहो, आता सरळ केलाय. पोराने चांगला बसवलाय."
"चांगला बसवलाय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला."

मग त्यांनी मढकं घेतलं, निखारे चुलीत ओतले, फुंकर घातली, दुधाची दारू चार थेंब आगीत सोडली. जे जे करायचं ते सगळं केलं. आजीने चहा केला आणि त्यांचा वाडगा वायव्येला, त्यांच्या जागी ठेवला. त्यांनी तो उचलला आणि दाराशी जाऊन बसले, जिथे वाटसरू बसतो तिथे.

२० जुलै
खालचं गाव जाळलं. दुपारभर धूर होता. आमची जागा रिकामी होती, तिथे जाळायला काही नव्हतं.

आजोबा अजून दाराशी बसतात. झोपतातही तिथेच, सतरंजीवर. मला वाटतं चढामुळे थकलेत, दाराशी हवा येते.

६ ऑगस्ट
आजी त्यांचा वाडगा रोज जागेवर ठेवते, ते रोज उचलून दाराशी नेतात. दोघं एकमेकांशी नीट बोलतात, मीठ दे, लाकूड आण, असं. मी आजोबांना म्हटलं, "माझीच चूक, मी मोजायला नको होतं." ते म्हणाले, "तू बरोबर मोजलंस." मग विचारलं, "तिन्ही ठीक होते ना? बापाने बसवलेले?" मी म्हटलं, ठीक होते. त्यांनी मान हलवली.

आजी बाहेर लाकडं रचताना मला म्हणाली, "उलटाच उभा करायला हवा होता. उलट्याशी माझं जमलं होतं."

मी तिला समजावलं की म्हाताऱ्या माणसांना सवय व्हायला वेळ लागतो. महिन्याभरात बसतील जागेवर. ती म्हणाली, "तू लहान आहेस." मी चोवीस पूर्ण केलीत.

२ सप्टेंबर
ट्रक बारा तारखेला. पाणी वर येतंय असं सगळे म्हणतात. मला तरी नदी तेवढीच दिसते, फक्त तिचा आवाज गेलाय.

आजोबा आता रोज सकाळी घोड्यावर बसून खाली जातात, दुपारी येतात. खाली काय आहे ते आजी विचारत नाही. एकदा मला म्हणाली, "तू जाऊन बघ जरा." मी वाटेने निघालो होतो, पण तारासने मासे पकडायला बोलावलं. बुडालेल्या कुरणात पाईक मासे शिरलेत, गवतात, हाताने धरता येतात. सात धरले. आजीने शिजवले.

११ सप्टेंबर
आज खाली गेलो. पिशवी भरून ठेवली होती, उद्या निघायचं, म्हटलं निरोप खालीच घेऊ.

खाली गावाच्या जागी राख आणि चुलींची धुराडी. आमच्या जागेवर राखही नाही. गवतात आठ कोनांचा मातीचा पट्टा, भिंतींखाली दबून टणक झालेला, त्याच्या आत उघडी जमीन. मधे चुलीच्या दगडांचा काळा वण. खांबांचे चार खड्डे, चारींतही पाणी आलेलं, खालून झिरपून.

आजोबा आत बसले होते. वायव्येला, आपल्या जागी, त्या खड्ड्याशी, मांडी घालून. घोडा बाहेर चरत होता. मी दाराच्या बाजूने आत गेलो. का कोण जाणे, भिंतीतून जावंसं वाटलं नाही. ते म्हणाले, "ये. बस." आणि हाताने पश्चिमेची बाजू दाखवली.

बसलो. उद्या जातोय, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, रस्त्याच्या कामावर जेवायला काय देतात. मी भूगर्भवाल्यांच्या डब्यातल्या मांसाची गोष्ट सांगितली, ती लांबत गेली. एकदा तर अस्वलाने डबा कसा उघडला तिथपर्यंत आलो. ते ऐकत होते, नदीकडे बघत. मग त्यांनी हात वर केला, मी थांबलो.

पाणी गवतातून आलं होतं. लाट नव्हती. गवताची पाती एकेक ओली होत होती. दक्षिणेकडून, जिथे दार होतं तिथून ते उंबरठ्याच्या जागेवर आलं, जरा थांबल्यासारखं झालं आणि आत आलं. उघड्या जमिनीवर पातळ पसरलं. पूर्वेकडे गेलं, बायकांच्या बाजूला, आणि पश्चिमेकडेही.

मी उठलो. "आजोबा, चला. बूट भिजतील."
"थांब," ते म्हणाले. "आत येऊ दे."

चुलीच्या दगडांशी पाणी आलं तेव्हा ते उठले. गुडघा धरत उठले, आणि एक पाऊल बाजूला सरकले, भिंतीकडे, आपली जागा मोकळी करून. तिथे उभे राहिले. पाणी वायव्येपर्यंत आलं, खड्ड्यातल्या पाण्याला मिळालं, आणि खड्डा दिसेनासा झाला. बुटांवर पाणी आलं तरी ते हलले नाहीत. मी दंड धरला तेव्हा चालले. लहान मुलासारखे चालले, मी नेलं तसे.

वर आलो तर आजी दारात होती. तिने त्यांचे बूट काढून चुलीशी वाळत घातले, पाय पुसले. ते दाराशी बसले. तिने वाडगा घेतला, नेहमीच्या जागेकडे वळली, मग परत फिरली आणि तो दाराशीच, त्यांच्या पुढ्यात ठेवला. स्वतःचाही तिथेच आणला. पूर्वेची बाजू सोडून ती त्यांच्या शेजारी उंबरठ्यापाशी बसली. आख्खं घर त्यांच्या मागे रिकामं.

माझा वाडगा पश्चिमेला होता. मी एकटाच तिथे बसून जेवलो.

१२ सप्टेंबर
ट्रक गेला. मी रस्त्यापर्यंत गेलो नव्हतो, सकाळी लाकडं फोडत होतो.